आजोबांचे घड्याळ आणि २० पौंडांची मर्यादा

लंडन, १८२४. बारा वर्षांचा चार्ल्स डिकन्स सरकारी मूल्यमापकाकडे निघाला होता. वडील जॉन डिकन्स मार्शल्सीच्या तुरुंगात होते. एका पाववाल्याचे ४० पौंड १० शिलिंग थकले होते, इतकेच. सुटकेची अट अशी, की कपडेलत्ते आणि किरकोळ चीजवस्तू मिळून २० पौंडांहून अधिक ऐवज नसावा. मुलाच्या अंगावरचे कपडेही तपासले जाणार होते. त्याच्या खिशात आजोबांचे चांदीचे घड्याळ होते. तेवढ्यानेच मर्यादा ओलांडली गेली तर? प्रत्यक्षात तोंडात घास असलेला एक माणूस बाहेर आला, त्याने एक नजर टाकली आणि ठीक आहे म्हणून सांगितले.

त्या भीतीमागे जुना इतिहास होता. आठव्या हेन्रीच्या १५४२ च्या कायद्याने दिवाळखोराला गुन्हेगारच मानले. मालमत्ता जप्त करून धनकोंत वाटायची. उरलेले कर्ज मात्र ऋणकोच्या मानगुटीवर तसेच.

राणी ॲनच्या काळात, १७०५ च्या कायद्याने, प्रथमच ऋणमुक्ती आली. ही दया होती, असे कोणी समजू नये. माल कोठे दडवला आहे हे ऋणकोलाच ठाऊक असे, म्हणून त्याला बोलते करण्यासाठी हे आमिष होते. त्याच कायद्यात मालमत्ता लपवणाऱ्यास फाशी होती. १७६१ मध्ये जॉन पेरट नावाचा कापडव्यापारी स्मिथफील्डला खरोखरच फासावर गेला.

शिवाय ही सवलत केवळ व्यापाऱ्यांना. व्यापाऱ्याचे जहाज बुडू शकते. कारकुनाचे काय बुडणार? जॉन डिकन्स नौदलाच्या पगार कचेरीतला कारकून. ज्या वेगळ्या कायद्याने तो मे महिन्यात सुटला, त्याने देह मोकळा केला, कर्ज नव्हे.

बिगरव्यापाऱ्यांना दिवाळखोरीचे दार १८६१ मध्ये उघडले. १८६९ मध्ये कर्जापायी होणारा तुरुंगवास बव्हंशी संपला. पण ऐपत असून देत नाही, असे न्यायालयाला वाटले तर कोठडी होतीच, आणि तिच्यात पुढेही गरीब कामगारच जात राहिले.

अमेरिकेत १८४१ च्या कायद्याने ऋणकोला स्वतःहून दिवाळखोरी मागता येऊ लागली. पुढे हंट नावाच्या एका नोकरदाराने ३०० डॉलर उसने घेताना भावी पगारच तारण लिहून दिला. दिवाळखोरीनंतरही धनकोने त्या पगारावर हक्क सांगितला. १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: प्रामाणिक पण दुर्दैवी ऋणकोला नवी सुरुवात मिळावी, हाच या कायद्याचा एक प्रमुख हेतू, मग उद्याची कमाई कालच्या कर्जात कशी मोजणार?