शनिवारी दुपारी आपले मूल कुठे असते?





दर अंकात या जागी आम्ही निकाल, स्नेहसंमेलन किंवा परीक्षेची तयारी याविषयी लिहितो. यावेळी एक प्रसंग सांगायचा आहे आणि त्यात चूक आमची स्वतःची आहे. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. लिहिताना एखादा शब्द हिंदी वळणाचा आला, तर मोठ्या मनाने चालवून घ्यावा.

पावसाळ्यात झालेल्या पालक सभेत एक पालक उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आपल्या शाळेची काही मुलं दर शनिवारी चर्चच्या वर्गाला जातात, हे आपल्याला ठाऊक आहे का?" आम्हाला ठाऊक नव्हते. सभेत कुजबुज सुरू झाली. कोणी आपल्या राज्याच्या २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचे नाव काढले. कोणी म्हणाले, अशा मुलांना सरळ दाखला देऊन टाका. "चौकशी करतो" एवढेच बोलून आम्ही पुढचा विषय घेतला.

चौकशीत तीन मुलांची नावे निघाली. त्यातल्या एकाच्या आईला आम्ही बोलावून घेतले. ती चार घरी पोळ्या करते. घरात दुसरे मोठे माणूस नाही. खुर्चीवर बसा म्हटले तरी ती उभीच राहिली. म्हणाली, "सर, शनिवारी शाळा बाराला सुटते. मी घरी येते सातला. आधी हा दिवसभर चौकात असायचा, मोठ्या पोरांच्या संगतीत. तिथले लोक त्याला जेवू घालतात, गृहपाठ करून घेतात. मला विचारूनच नेलं, मी हो म्हटलं. घरात देव आपलेच आहेत. आता तुम्हीच सांगा, बारापासून सातपर्यंत मी त्याला ठेवू कुठे?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्या मुलाची हजेरी आम्ही आठवड्यातून सहा दिवस घेतो, तो शनिवारी दुपारी कुठे असतो, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

पुढच्या शनिवारी आम्ही स्वतः तिथे गेलो. एका साध्या खोलीत चाळीसेक मुले सतरंजीवर बसली होती. सहा-सात मुलांचा एक गट आणि प्रत्येक गटाला पंधरा-सोळा वर्षांचा एक दादा किंवा ताई. आधी खेळ, मग खिचडी, मग गृहपाठ, शेवटी एक गीत, बायबलमधील एक गोष्ट आणि प्रार्थना. एक गोष्ट आमच्या विशेष लक्षात राहिली. जे मूल आले नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी गटाचा दादा जाऊन येतो. आमच्याकडे गैरहजर मुलापुढे लाल शाईने खूण होते आणि तिथेच काम संपते.

आपला तो मुलगा एका कोपऱ्यात दोन लहान मुलांकडून बाराचा पाढा म्हणून घेत होता. शाळेत तो शेवटच्या बाकावर बसतो आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही.

वर्ग चालवणाऱ्या गृहस्थांना आम्ही स्पष्टच विचारले, "इथे मुलांना धर्म शिकवता का?" ते म्हणाले, "प्रार्थना आमच्या कामाचा भाग आहे, ती आम्ही लपवत नाही. पण आईवडिलांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कोणाला बसवत नाही." आमचे पूर्ण समाधान झाले असे म्हणणार नाही. भुकेल्या मुलाला खिचडी आणि प्रार्थना एकाच ताटात मिळाली, तर त्याला दोन्हींतला फरक किती कळणार, हा प्रश्न मनात राहिलाच. तो आम्ही त्यांनाही बोलून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

घरी आल्यावर आम्ही थोडे वाचन केले. अशा वर्गांची प्रथा बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टर गावात १७८० साली रॉबर्ट रेक्स या वर्तमानपत्राच्या संपादकांनी गरीब मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. त्या गावात टाचण्यांचे कारखाने होते. मुले आठवड्याचे सहा दिवस राबत आणि रविवारी रस्त्यावर हुंदडत. रेक्स यांनी पगार देऊन शिक्षिका नेमल्या. मुलांना अट एकच होती, हात-तोंड धुऊन, केस विंचरून यायचे. पुस्तक बायबल, पण त्याच पुस्तकावर हजारो मुले वाचायला शिकली. तेव्हाही टीका झाली. कोणी म्हणाले, गरिबांची मुले शिकली तर काम कोण करील? आणि काही धर्मनिष्ठ ख्रिस्ती लोकांनाच रविवारी शिकवणे म्हणजे पवित्र दिवसाचा भंग वाटला. तरी १८३१ पर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे साडेबारा लाख मुले अशा शाळांत जाऊ लागली होती. सक्तीचे प्राथमिक शिक्षण इंग्लंडमध्ये आले ते १८८० साली, म्हणजे रेक्स यांच्या रविवारच्या शाळेनंतर शंभर वर्षांनी.

आपल्या मराठी समाजानेही हा प्रश्न पाहिलेला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे ते पुण्यास नेले. विधवा आणि निराधार मुलींना तिथे शिक्षण मिळू लागले. परंतु काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे काही संकुचित वृत्तीचे नव्हते. पालकांनी विश्वासाने मुलगी सोपवली, तर तो विश्वास जपला पाहिजे, ही त्यांची काळजी रास्तच होती. पण तीनच वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, रमाबाई स्वतः तेव्हाच्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी केडगावी आसरा दिला. त्या मुलींसाठी हा वाद मिटेपर्यंत थांबणे शक्य नव्हते.

हे वाचताना आम्हाला स्वतःचे बालपण आठवले. शाळेत सगळे हिंदीतून चालायचे. मग आम्ही मराठी लिहायला शिकलो कुठे? इथेच इंदूरला, रामबागेत, दर रविवारी सकाळी एका वाड्याच्या ओसरीवर. शिकवणारी ताई जेमतेम अकरावीत होती. 'ळ' नीट काढेपर्यंत ती पाटी पुसू द्यायची नाही. एका रविवारी आम्ही तापाने पडलो होतो, तर ती संध्याकाळी घरी विचारायला आली होती. तिला कोणी 'नेतृत्व विकास' शिकवला नव्हता. लहानांची जबाबदारी अंगावर पडली आणि ती मोठी झाली. आज आम्ही हा मजकूर मराठीत लिहितो आहोत, तो त्या रविवारांमुळे.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहितो. शाळेबाहेर कुठे जातो या कारणावरून एकाही विद्यार्थ्याला दाखला दिला जाणार नाही. मुलाला कुठे पाठवायचे हे आईवडिलांनी ठरवायचे आहे. मात्र तिथे काय शिकवतात हे त्यांनी एकदा जाऊन डोळ्यांनी पाहावे, मग तो वर्ग चर्चचा असो, मंदिराचा असो की कोचिंगचा. आणि शाळा म्हणून आपण स्वतःला विचारावे, की आपले मूल दुसऱ्याच्या दारी जाते याचा राग धरण्याआधी, आपले दार त्या वेळी उघडे होते का?

विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे. शनिवारी दुपारी बारा ते सहा सभागृह आणि वाचनालय उघडे ठेवण्याची परवानगी द्यावी. नववी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांनी सहा-सहा लहान मुलांचा एक गट सांभाळावा. पालकांनी आळीपाळीने पोहे-खिचडीची व्यवस्था पाहावी. देखरेखीला दोन शिक्षक आणि आम्ही स्वतः राहू. ज्यांना यात भाग घ्यायचा आहे त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. जो गैरहजर असेल त्याच्या घरी त्याच संध्याकाळी कोणीतरी जाईल, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळायचा आहे. तो आम्ही त्या सतरंजीवरच्या मुलांकडून घेतला आहे आणि तसे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

गटप्रमुखांची यादी करायला आम्ही बसलो तेव्हा त्या मुलाला बोलावून विचारले, "इथे लहानांना पाढे शिकवशील का?" तो सहावीत आहे, नियमात बसत नाही. थोडा वेळ तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, तिथली दोन पोरं पण आणू? त्यांचा बाराचा अजून कच्चा आहे."

आम्ही हो म्हटले आहे. आता सभागृहाची किल्ली तेवढी हवी.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य