तुरट

परवा कपाट आवरताना एक जुनी वही सापडली. कॅलिफोर्नियात आल्यानंतर काही वर्षांनी मला वाइनचं वेड लागलं होतं, तेव्हा मी एका क्लासला जायचो. त्या क्लासची ही वही. प्रत्येक पानावर एकेका वाइनचं नाव आणि खाली माझ्या ठसठशीत अक्षरात: ब्लॅककरंट, सीडार, ग्रॅफाइट. आता ब्लॅककरंट मी तोवर खाल्लेलं नव्हतं. सीडारचं लाकूड हुंगलेलं नव्हतं. आणि ग्रॅफाइटशी संबंध म्हणाल तर चौथीत पेन्सिली चावायचो तेवढाच. तरी लिहिलंय कसं अगदी छातीठोक! वाचून हसू आलं, आणि मग थोडी लाजही वाटली. त्या लाजेचीच ही गोष्ट.

2004 साली 'साइडवेज' नावाचा सिनेमा आला. त्यातला नायक वाइनचा दर्दी, आणि मर्लोच्या नावाने बोटं मोडणारा. सिनेमा गाजला आणि पार्ट्यांमधून मर्लोची चेष्टा करायची फॅशनच आली. आमच्या घरी तोवर मर्लोच यायची. शुक्रवारी ऑफिसातून येताना बायको दहा डॉलरची बाटली घेऊन यायची, आणि आठवडाभराच्या गप्पा तिच्याबरोबर व्हायच्या. पण मी आता शिकलेला माणूस! एकदा चार मित्रांसमोर मी म्हणालो, "मर्लो म्हणजे काय, सरबत. ज्याला कॅबर्ने झेपत नाही त्याने प्यावी." सगळे हसले. बायकोही हसली.

पुढच्या शुक्रवारी बाटली आली नाही. विचारलं तर म्हणाली, "तूच आणत जा. मला त्यातलं काय कळतं?" मला तेव्हा त्यात काहीच खटकलं नाही, हे विशेष. उलट बरंच वाटलं.

तीनेक वर्षं अशी गेली. मग एका मित्राने दिवाळीच्या जेवणाला खेळ मांडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या, एक कॅबर्ने सोविन्यों, एक मर्लो. ओळखा. मी पहिला ग्लास फिरवला, हुंगला, डोळे मिटले आणि जाहीर केलं: कॅबर्ने. सीडारचाही उल्लेख केला असणार. बायको "मला नको" म्हणत होती, पण मित्राने सोडलं नाही.

ती म्हणाली, "पहिली पिकलेल्या आलूबुखारासारखी आहे. तोंडभर पसरते आणि गुपचूप जाते. दुसरी म्हणजे जांभूळ. जीभ खरखरीत झाली बघ, हिरड्या ओढल्यासारख्या वाटतायत. आणि वास कसला, माहितीये? ढोबळी मिरची चिरताना येतो ना, तसा."

कागद काढले. पहिली मर्लो, दुसरी कॅबर्ने. आता बोला!

त्या मिरचीच्या वासाने तर मी गारच झालो. कॅबर्नेच्या द्राक्षात आणि ढोबळी मिरचीत वासाचं एकच द्रव्य असतं. द्राक्षं कमी पिकली तर तो वास जास्त येतो. हे मला क्लासमध्ये शिकवलं होतं, वहीत लिहिलेलंही आहे. पण मी वास घेत नव्हतो, आठवत होतो. ती वास घेत होती.

आणि ते जांभूळ! 'टॅनिन' म्हणजे काय हे समजावण्यात आमच्या शिक्षकांनी अख्खा तास घालवला होता. मराठी माणसाला एक शब्द पुरतो: तुरट. आपल्याकडे तो सहा रसांतला एक. हिरडा, आवळा, सुपारी, जांभूळ, लहानपणापासून जिभेला सगळी ओळख. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, मग लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी, खरखरीत लागते. म्हणजे तुरटपणा चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचा. कडक कोऱ्या चहात दूध घातलं की तो मऊ होतो, कारण टॅनिन मग दुधाच्या प्रथिनांना धरतं. कॅबर्नेबरोबर चीज किंवा मांस खातात त्यामागेही असंच काहीसं.

हे टॅनिन येतं सालीतून आणि बियांतून. कॅबर्नेचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, गराच्या मानाने बिया जास्त. म्हणून तिचा कणा ताठ, आणि तरुणपणी बऱ्यापैकी तुसडी. मर्लोचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, रसरशीत, आधी पिकणारं. आंबटपणाही कमी. कॅबर्ने घोटाच्या सुरुवातीला आणि शेवटाला जाणवते, मध्ये कुठेतरी पोकळ वाटते. मर्लो नेमकी तिथे भरते. बोर्दोच्या लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिथे मेदोकच्या गोट्यागोट्यांच्या उबदार जमिनीत कॅबर्ने आणि नदीपलीकडे पोमरोलच्या थंड चिकणमातीत मर्लो जास्त, पण बाटलीत बहुधा दोघी एकत्र. मर्लो लवकर फुटते म्हणून वसंतातल्या हिमाची भीती, कॅबर्ने उशिरा पिकते म्हणून शरदातल्या पावसाची. एकीने दगा दिला तर दुसरी सांभाळून घेते. आणि जिच्या किमती ऐकून घाम फुटतो ती पेत्र्यूस? जवळजवळ निखळ मर्लो. सरबत म्हणे! त्या सिनेमातला नायकसुद्धा जी बाटली जिवापाड जपतो त्या 1961 च्या शवाल ब्लाँमध्येही मर्लो असतेच.

पुढे आणखी एक कळलं. कॅबर्ने ही कॅबर्ने फ्रांक आणि सोविन्यों ब्लाँ यांची संतती, हे 1997 मध्ये डीएनए तपासून सिद्ध झालं होतं. 2009 मध्ये मर्लोचे आईबापही सापडले. एक फ्रान्समधली विस्मृतीत गेलेली जात, आणि दुसरी पुन्हा कॅबर्ने फ्रांकच. म्हणजे मी जिला डोक्यावर घेतलं आणि जिला हसलो, त्या दोघी सावत्र बहिणी निघाल्या.

त्या रात्री घरी येताना गाडीत मी म्हणालो, "तुला तर सगळं कळतं की." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कळतं नाही रे. लागतं." थोड्या वेळाने म्हणाली, "मटणाच्या रश्श्याबरोबर तुझी ती कॅबर्ने कधीच चांगली लागली नाही. तिखट आणखी झोंबतं." हेही खरंच आहे, तुरट वाइनने मिरचीचा जाळ वाढतो. तीन वर्षं ती दर रविवारी हे सोसत होती आणि बोलली नव्हती. कारण मी तिला सांगून ठेवलं होतं की तिला कळत नाही.

असो. शुक्रवारची बाटली आता पुन्हा तीच आणते. कधी मर्लो, कधी कॅबर्ने, कधी भलतंच काही. पण एखाद्या बाबतीत "मला काय कळतं" हे वाक्य अजूनही तिच्या तोंडून येतं. परवा मुलाच्या कॉलेजबद्दल आलं, मागे घराच्या कर्जाबद्दल आलं होतं. ऐकलं की माझी जीभ कोरडी पडते.

वहीत शेवटची काही पानं कोरी होती. त्यातल्या एकावर मी काल लिहून ठेवलं: जांभूळ, आलूबुखार, चिरलेली ढोबळी मिरची. खाली तिचं नाव घातलं आणि वही कपाटात न ठेवता ओट्यावर ठेवली.