राळेगाव : कापसाच्या गावात वाफेचा रंग

मैत्रिणींनो, यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावला जायचा योग आला तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला जा. यवतमाळहून एस.टी. कळंबवरून जाते. कळंबला उतरून चिंतामणीचं दर्शन घ्यावं. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, त्यामुळे गणपतीकडे पायऱ्या उतरून जायचं. तिथून पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटीच पऱ्हाटी! बोंडं उकललेली, ओटी बांधून वेचणाऱ्या बाया वाकलेल्या. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करायची इकडची जुनी रीत आहे. कापसानं भरलेल्या गाड्या जिनिंगच्या वाटेला लागतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकून राहतात. तालुक्याच्या कडेनं वर्धा नदी वाहते. नदीपलीकडे वर्धा जिल्हा.

पांढऱ्या सोन्याचा हा मुलूख पाहताना एक गंमत ध्यानात येते. शेतात कापूस, अंगणात कापूस, आणि बाजारात मात्र ‘टी-शर्टवर फोटो, मगवर नाव’ अशी पाटी! तालुक्याच्या गावांतून झेरॉक्सच्या नि पासपोर्ट फोटोच्या दुकानांना आता या छपाईची जोड मिळाली आहे. एक छपाईयंत्र, एक गरम दाबयंत्र आणि एक संगणक ठेवला की पुढच्या खोलीत धंदा सुरू. घरच्या बाईलाही स्वैपाकपाणी सांभाळून हे जमतं. हळदीचे टी-शर्ट, गणेश मंडळाचे, कबड्डीच्या संघाचे, बारशाचे मग, अशी कामं येतात.

आणि कधी वेगळंच काम येतं. यवतमाळ जिल्ह्यानं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं दुःख पुष्कळ सोसलं आहे. गेलेल्या माणसाचा एकच फोटो घरात असतो, तोही ओळखपत्रावरचा, नखाएवढा. तो मोठा करून फरशीवर किंवा पत्र्यावर उतरवून द्या, असं म्हणत एखादी बाई येते. तिथं छपाई बिघडून चालत नाही, पैशापायी नाही नि मनापायीही नाही. म्हणून या छपाईत काय काय बिघडतं आणि ते कसं टाळायचं, ते नीट समजून घेऊ या.

देवघरातला कापूर आठवा. कापूर वितळून पातळ न होताच हवेत उडतो. घनाची थेट वाफ होण्याला शास्त्रात संप्लवन म्हणतात. या छपाईचे रंगही तसेच. आधी ते खास कागदावर उलटे छापतात, मग कागद कापडावर ठेवून साधारण २०० अंश सेल्सियस उष्णतेनं ४५ ते ६० सेकंद दाबतात. रंगाची वाफ होते, ऊन लागून पॉलिएस्टरचा धागा सैल झालेला असतो, त्यात ती शिरते. कापड निवलं की धागा मिटतो आणि रंग आत अडकतो. म्हणून हा छाप हाताला लागत नाही, सुटतही नाही.

आता पहिली तक्रार : ‘दोन धुण्यांत फोटो गेला!’ बहुतेक वेळा कापड सुती असतं. कापसाच्या धाग्याशी या रंगांचं सख्य नाही. ते वर बसतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. मिश्र कापडात निम्म्याहून बरंच अधिक पॉलिएस्टर हवं, पूर्ण असेल तर उत्तमच. ओळखायचं कसं? शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून पेटवा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं नि कडक मणी बनतो. (मुलं जवळ नसताना करायचं, बरं का!)

दुसरी : ‘फोटोतला चेहरा काविळीसारखा दिसतो.’ हळदीचे शर्ट पिवळे हवेत असा सगळ्यांचा आग्रह. पण हे रंग पारदर्शक असतात आणि त्यांत पांढरा रंगच नसतो. पांढरा म्हणजे कापडाचा मूळ पांढरेपणा. पिवळ्यावर निळं छापलं की हिरवट होणार, काळ्यावर तर काहीच दिसणार नाही. गिऱ्हाइकाला आधीच सांगावं : पिवळ्यावर नुसती काळी अक्षरं घ्या, फोटो हवा तर शर्ट पांढरा घ्या.

तिसरी तक्रार नव्या हाताची : ‘कागदावर रंग मळका आला.’ घाबरू नका, कागदावर तो तसाच दिसायचा. उष्णता लागल्यावरच तो खुलतो. मळका दिसला म्हणून शाई वाढवली तर चित्र चिकट नि गडद होऊन बसतं. दाबल्यानंतरही फिकट आलं तर मग उष्णता, वेळ नि दाब तपासावा. तालुक्याच्या गावी विजेचा दाब वरखाली होतो. एक शर्ट काढल्यावर यंत्राची पाटी पुन्हा तापेपर्यंत थांबा. उलट ऊन फार झालं तर काळा रंग तपकिरी मारतो, कडा पसरतात नि कापडावर चमकदार चौकोन उठतो. घरच्या इस्त्रीनं हे काम करू जाऊ नका. तिची उष्णता सगळीकडे सारखी नसते, नि वाफेच्या भोकांचे ठिपके उमटतात ते वेगळेच.

चौथी : चित्राला सावली पडते, एका नाकाची दोन नाकं होतात! दाब उघडताना कागद सरकतो आणि उरलेली वाफ शेजारी बसते, म्हणून. उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीनं कागद पक्का करा आणि उचलताना एका झटक्यात उचला, रेंगाळू नका.

पाचवी पावसाळ्यातली. कागद नि कापड दोन्ही दमट होतात, मग रंगाचे डाग पसरतात. कागद घट्ट पिशवीत ठेवावा, पापड ठेवतो तसा! कापड आधी पाचदहा सेकंद नुसतंच दाबून कोरडं करावं.

सहावी अडचण खास कापसाच्या गावची. हंगामात जिनिंगच्या बाजूनं येणाऱ्या वाऱ्याबरोबर तंतू उडत असतात. कागद नि कापड यांच्यामध्ये रुईचा एक तंतू आला तर तिथं केसासारखी पांढरी रेघ राहते. रंगीत कपड्याचा तंतू असेल तर निळा-तांबडा ठिपका उमटतो, आणि तो कितीही धुतला तरी जात नाही. हंगामात दार लोटून काम करावं आणि प्रत्येक शर्टावरून आधी चिकट रूळ फिरवावा. पण दार लोटलं तरी मागची खिडकी उघडी हवी. गरम रंगाची वाफ छातीत जाऊ देऊ नये, लहान मुलांना जवळ बसवू नये.

उन्हाळ्यात छापाला आडव्या पांढऱ्या रेघा येतात. इथल्या उन्हात यंत्राच्या बारीक छिद्रांत शाई वाळते. काम नसलं तरी एकदोन दिवसांआड चारही रंगांचं छोटं पान छापावं. पान वाया गेलं असं वाटतं, पण यंत्राचं डोकं बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

मगचं वेगळं. बाजारातला साधा मग चालत नाही, त्यावर पॉलिएस्टर जातीचा लेप हवा. कानाजवळ रंग फिका येतो तो पट्टा सैल बसल्यामुळे. आणि आपल्या मराठीपुरतं एक : संगणकात जुने फॉन्ट नि युनिकोड यांची सरमिसळ झाली की जोडाक्षरं फुटतात, ‘श्री’चं भलतंच होतं. अक्षरांचं चित्र करून मगच पाठवा, आणि छापण्याआधी नाव मोठ्यानं वाचा. उलटं छापायचं विसरलं तर नाव आरशातलं उमटेल.

त्या नखाएवढ्या फोटोचं काय? मूळ फोटो कधी ठेवून घेऊ नये, लगेच उतरवून परत द्यावा. आकार बेतानं वाढवावा. फार वाढवला तर चेहरा फुटतो. आधी साध्या कागदावर छापून घरच्यांना दाखवावं, नंतर टाकाऊ फरशीवर एक चाचणी करावी, नि मगच चांगली घ्यावी. त्या बाईला सांगावं, की ही फरशी उन्हात लावू नका, रंग उडतो. घरात, सावलीत लावा.

राहता राहिला कापूस. इंग्लंडमध्ये १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला, तोच पुढे टेरिलीन म्हणून आपल्या कपाटात आला. आज कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावरही तोच दिसतो. पण नदीपलीकडे वर्ध्याला १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आहे, तिथं खादी नि वनस्पतींचे रंग यांचं काम पाहायला मिळतं. ठसे आणि जाळीची छपाईही सुतावर उत्तम बसते. तेव्हा दुकानात दोन्ही ठेवावं : फोटो हवा त्याला पॉलिएस्टर आणि नुसतं नाव-नक्षी हवी त्याला सुती. चैत्र-वैशाखातल्या लग्नात वऱ्हाडातल्या उन्हात पॉलिएस्टर घालून नाचणाऱ्यांना घामाचा हिशेब तुम्हीच समजावा!

विकत घेणारीनं एवढं पाळावं : असा शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवा, चित्रावर तापलेली इस्त्री फिरवू नका आणि मग तारेच्या घासणीनं घासू नका. राळेगावला गेलात तर येताना थोडी रुईही आणा, देवाच्या वाती होतील.