चोंढी : शिरड शहापूरच्या वाटेवरील स्थानक

वसमत व हिंगोली यांच्या दरम्यान चोंढी हे लहानसे रेल्वे स्थानक आहे. निजामाच्या रेल्वेने १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली मीटरगेज मार्ग उघडला; तेव्हा हिंगोली हे शेवटचे स्थानक होते. १९६० च्या सुमारास हिंगोली-खंडवा दुवा पूर्ण होऊन हा आडमार्ग दक्षिण व उत्तर यांना जोडणारा झाला. २००८ मध्ये अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला.

शिरड शहापूरच्या अतिशय क्षेत्री भगवान मल्लिनाथांच्या दर्शनास रेल्वेने येणारे यात्रेकरू चोंढीस उतरून पुढची वाट धरतात. अशी स्थानकाची वस्ती उतारूंवरच जगते : चहाची टपरी, किराणा दुकान, भाड्याचे वाहन. आता बहुतेक कुटुंबे मोटारीने थेट मंदिराच्या दारी पोहोचतात. सोय झाली, परंतु गाडीचा थांबा टिकतो तो तिकिटांच्या विक्रीवर. गिऱ्हाईक तुटले की पेढी उठते, हा हिशेब व्यापारी घराण्यांना निराळा सांगावा लागत नाही. मल्लिनाथांच्या दर्शनास निघताना एकदा तरी चोंढीचे तिकीट काढावे. यात्रेच्या पुण्यात या वस्तीचाही वाटा आहे.