ओझी बांधणारे हात

धुळे आणि जळगाव ही आमच्या आयुष्याची दोन गावे. बालपण धुळ्यात पांझरेच्या काठी गेले. शिक्षकाची नोकरी आणि संसार जळगावात झाला. मधले अंतर सुमारे ९० किलोमीटरचे. एरंडोल मागे पडले, पारोळा आले, की आमच्या मनाने धुळे गाठलेलेच असे. एसटीच्या खिडकीशी बसून, दोन्ही बाजूंची कपाशीची शेते पाहत आम्ही हा रस्ता असंख्य वेळा तुडवला; पण हे अंतर किती आहे, असा विचार कधी मनात आला नाही. २०२० च्या जुलै महिन्यात मात्र ते आम्हांला पहिल्यांदा कळले.

त्या महिन्यात आमची आत्या धुळ्यात देवाघरी गेली. वय नव्वदीच्या घरातले. आजार कोरोनाचा नव्हता, म्हातारपणाचा होता. आमची आई लवकर गेली, तेव्हा ह्या आत्यानेच आम्हांला पदराखाली घेतले. आमच्या पहिल्या कम्युनियनचा पांढरा सदरा तिने स्वतःच्या हातांनी शिवला होता. रोज रात्री गुडघे टेकून रोझरी म्हणण्याची सवय लावली ती तिनेच. तिच्या शवपेटीवर मूठभर माती टाकण्याचा हक्क आमचा होता, असे आम्ही मानत होतो.

परंतु ते दिवस वेगळे होते. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तर ई-पास लागे. अंत्यविधीला २० हून अधिक माणसे जमू नयेत, असा दंडक होता. निरोप मिळताच आम्ही मुलाकडून अर्ज भरून घेतला. संध्याकाळ झाली, रात्र झाली, उत्तर येईना. दफनविधी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरला होता.

रात्री उशिरा एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. बातमी त्याच्या कानावर गेली होती. म्हणाला, "सर, काळजी करू नका. आमच्या साहेबांची चिठ्ठी आणून देतो. नाक्यावर दाखवा, कोणी अडवणार नाही." त्याच्या बोलण्यात प्रेम होते, लबाडी नव्हती. तरीही आम्ही नको म्हटले. कारण अशाच एका चिठ्ठीची गोष्ट तीन महिन्यांपूर्वी साऱ्या महाराष्ट्राने वाचली होती.

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी अत्यंत कडक असताना, वाधवान ह्या धनाढ्य उद्योजक कुटुंबातील मंडळी नोकरचाकरांसह मोटारींच्या ताफ्यातून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचली. एकूण २३ माणसे. त्यांच्यापाशी पत्र होते, आणि त्यावर सही होती राज्याच्या गृहखात्याचे प्रधान सचिव (विशेष) अमिताभ गुप्ता ह्यांची. ज्या खात्याचे पोलीस रस्त्यावर उतरून पायी गावी निघालेल्या मजुरांना परत फिरवत होते, त्याच खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे ते पत्र होते. गवगवा झाला. गुप्ता ह्यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले, चौकशी नेमली गेली. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते पुण्याचे पोलीस आयुक्त म्हणून रुजू झाले. जुलैच्या त्या रात्री हा शेवट आम्हांला ठाऊक नव्हता. एवढेच ठाऊक होते, की वर्गात चाळीस वर्षे मुलांना रांगेत उभे राहायला शिकवणाऱ्या माणसाने आत्याच्या दफनाला चिठ्ठी दाखवून जाऊ नये.

पहाटे आम्ही मुलाच्या मोटारीने निघालो. हाती अर्जाची पावती आणि आमच्या फादरांचे पत्र. पारोळ्याच्या पुढे, जिल्ह्याच्या हद्दीवर, लोखंडी अडथळे लावलेले होते. हवालदाराने दोन्ही कागद शांतपणे वाचले. "सर, पावती म्हणजे पास नव्हे. माझ्या हातात असतं तर सोडलं असतं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांवर रात्रपाळीची झोप होती. आमच्यामागे मोटारसायकलवर एक शेतकरी जोडपे थांबले होते. बाईने पोट दाबून धरले होते.

तेवढ्यात जळगावकडून पाच-सहा मोटारी आल्या. कोण्या पुढाऱ्याचा ताफा होता. काचा खाली, आत दाटीवाटीने बसलेली माणसे, आणि एकाच्याही तोंडावर मुखपट्टी नाही. अडथळे झटपट बाजूला झाले, हात कपाळाला गेले, मोटारी निघून गेल्या. अडथळे पुन्हा जागेवर आले. हवालदार आमच्याकडे पाहीना. थोड्या वेळाने त्याने त्या मोटारसायकलवाल्यालाही हळूच वाट करून दिली. आम्हांला बरे वाटले. आम्ही मात्र परत फिरलो. आत्याचे दफन भाच्याने मोबाईलवर दाखवले. पास संध्याकाळी आला.

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही त्या ताफ्यावर मनातल्या मनात खटला चालवत होतो. ज्या कायद्याच्या आधाराने हे निर्बंध आले, तो साथरोग कायदा १८९७ सालचा, प्लेगच्या वेळचा. महाराष्ट्राने तो १३ मार्च २०२० पासून लागू केला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. त्यातले एक कलम सांगते, की नियम मोडणाऱ्यास शिक्षा होईल; दुसरे सांगते, की सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. दोन्ही कलमांना कारण आहे, हे आम्हांला मान्य आहे. संकटात सरकारचे हात बळकट असावेच लागतात. पण नियम घालणाऱ्याने तो आधी स्वतः पाळावा, हे सांगणारे वेगळे कलम त्यात नाही. ते लिहिण्याची गरज कोणाला वाटली नसावी. ते सज्जनपणावर सोडले गेले.

आणि नियम पाळणे म्हणजे केवळ मुखपट्टी बांधणे नव्हे. प्रत्येक नियमाला दोन बाजू असतात. नातेवाइकांनी कोविड कक्षात पाऊल टाकू नये, ही एक बाजू. म्हणून आतल्या रुग्णाची विचारपूस अधिक दक्षतेने व्हावी, ही दुसरी. जून २०२० मध्ये आमच्या जळगावच्या शासकीय रुग्णालयात काय घडले, ते खानदेश विसरलेला नाही. भुसावळची एक ८२ वर्षांची कोरोनाबाधित वृद्धा कक्षातून बेपत्ता झाली. शोधाशोध झाली, पोलिसांत नोंद झाली, आणि आठ दिवसांनी, १० जून रोजी, तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांचे निलंबन झाले. नातेवाइकांनी नियमाची आपली बाजू पाळली होती. ते बाहेर थांबले होते. दुसरी बाजू ज्यांच्याकडे होती, त्यांनी ती टाकून दिली.

पुढच्या वर्षी तेच चित्र मोठ्या पडद्यावर दिसले. २१ फेब्रुवारी २०२१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ह्यांनी गर्दीच्या सर्व कार्यक्रमांवर बंदी असल्याचे राज्याला सांगितले. दोनच दिवसांनी त्यांच्याच मंत्रिमंडळातील वनमंत्री संजय राठोड वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे गेले, आणि तिथे हजारोंचा जमाव लोटला. गुन्हे दाखल झाले ते जमलेल्या हजारो लोकांवर. त्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिलमध्ये, लग्नाला केवळ २५ माणसे आणि दोन तास, मोडल्यास ५० हजार रुपये दंड, असा हुकूम निघाला. मुलीच्या लग्नाची यादी कापताना कोणा बापाला पोहरादेवीची आठवण झाली नसेल?

हा दोष आपल्याच मातीचा आहे असे नाही. इंग्लंडचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन ह्यांना, टाळेबंदीत आपल्याच कार्यालयात झालेल्या वाढदिवसाच्या मेळाव्याबद्दल, २०२२ मध्ये दंड भरावा लागला. नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग ह्यांनी साठीनिमित्त कुटुंबीयांचे जेवण आयोजित केले. मर्यादा दहा जणांची होती, जमले तेरा. एप्रिल २०२१ मध्ये तेथील पोलिसांनी त्यांना २०,००० क्रोनर दंड केला. पोलिसांनी दिलेले कारण मनन करण्याजोगे आहे. अशा बहुतेक प्रकरणांत आम्ही दंड करत नाही, पण हे निर्बंध लोकांसमोर मांडण्यात पंतप्रधान स्वतः आघाडीवर होत्या, म्हणून लोकांचा विश्वास टिकावा यासाठी दंड योग्य आहे, असा त्याचा आशय. सोल्बर्गबाईंनी माफी मागितली आणि दंड भरला. आपल्याकडे पद जितके मोठे, तितकी सूट मोठी. तिथे पद मोठे म्हणून दंड.

वाचकहो, शास्त्री आणि परूशी ह्यांच्याविषयी प्रभू येशू काय म्हणाला, ते मत्तयकृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात आपण अनेकदा वाचले आहे. जड ओझी बांधून ते लोकांच्या खांद्यांवर देतात, स्वतः मात्र बोटही लावीत नाहीत. हा भाग आपल्याला पाठ असतो, कारण तो दुसऱ्याला लागू करता येतो. पण त्याच्या आधीचे वाक्य आपण घाईने ओलांडतो. ते मोशेच्या आसनावर बसले आहेत, तेव्हा सांगतात ते करा, करतात तसे करू नका, असे प्रभूने सांगितले आहे. म्हणजे नियम पाळणारा वाईट निघाला, म्हणून नियम वाईट ठरत नाही. साहेबांनी मुखपट्टी काढली, म्हणून विषाणू काही सौम्य होत नाही. त्या ताफ्याचा खरा अपराध हाच, की तो गेल्यावर नाक्यावरच्या प्रत्येकाच्या मनातून नियमाचा धाक आणि नियमाविषयीचा आदर, दोन्ही निघून गेले. पुढे त्याची किंमत कोणाच्या घरात मोजली गेली, हे कधीच कळणार नाही.

इथे लेख संपवता आला असता. पण आमची स्वतःची गोष्ट सांगायची राहिली आहे.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली. आमच्या धर्मग्रामातही आठ महिन्यांनी रविवारची मिस्सा लोकांसह होणार होती. दारावर व्यवस्था हवी होती. फादरांनी विचारले, आम्ही आनंदाने पुढे झालो. अंतर राखून बाके मांडली, हात धुण्याची सोय केली, वही घातली. वहीत रकाने आखले : नाव, पत्ता, वय, ताप. शासनाच्या सूचनेत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घरीच थांबावे असा सल्ला होता. आम्ही त्या सल्ल्याचा हुकूम केला. चिठ्ठी नाकारून नाक्यावरून परत फिरलेला माणूस होतो ना आम्ही! त्या अभिमानाने आवाजाला धार आली होती.

पहिल्याच रविवारी एक म्हातारी आली. काठी टेकत, पांढरे लुगडे, हातात झिजलेली रोझरी. वय विचारले, सत्तरच्या पुढे. आम्ही म्हणालो, "आजी, नियम आहे. तुम्हांला आत जाता येणार नाही." ती वाद घालत बसली नाही. आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून तिने अहिराणीत शांतपणे विचारले, "मी घर जास, गुरुजी. पन तुम्हनं वय कितलं शे?"

आमचे वय तेव्हा ६७ होते. वहीत आमचे नाव नव्हते. व्यवस्था पाहणाऱ्याने आपले नाव लिहायचे असते, हे आम्हांला सुचलेच नव्हते. आपण सेवा करतो आहोत, आपल्यावाचून अडेल, आपले वेगळे, हे सारे आम्ही न बोलता धरून चाललो होतो. त्या ताफ्यातील माणसांनाही कदाचित असेच वाटत असेल. ज्याने चिठ्ठी लिहिली, त्यालाही. सूट घेणारा माणूस स्वतःला लबाड समजत नाही, तो स्वतःला आवश्यक समजतो.

आम्ही तिला बाहेर, दाराजवळच्या निंबाखाली खुर्ची दिली. मग वही एका तरुणाच्या हाती सोपवली आणि तिच्यापासून चार हातांवर दुसरी खुर्ची मांडून बसलो. १५७६ च्या प्लेगमध्ये मिलानचे महागुरू संत चार्ल्स बोरोमिओ ह्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या होत्या, म्हणजे घरात अडकलेल्यांना खिडकीतून मिस्सा दिसावी. ते त्या दिवशी आठवले. आम्हांला वेदी दिसत नव्हती, पण उघड्या दारातून घंटा ऐकू येत होती. म्हातारीने गुडघे टेकता येत नाहीत म्हणून मान लववली. आम्हीही लववली. यार्देनच्या काठी पापी माणसांच्या रांगेत निष्पाप प्रभू बाप्तिस्म्यासाठी उभा राहिला होता. त्याला तर सूट मागण्याचा पूर्ण हक्क होता.

मिस्सा संपल्यावर आम्ही त्या तरुणाकडून वही मागून घेतली. परत पाठवलेल्यांच्या यादीत त्या आजीचे नाव होते. त्याखाली आम्ही आमचे नाव लिहिले, आणि वयाच्या रकान्यात ६७.