मदतीला गेलेल्यांची झोप

आज पुन्हा पावसानं झोडपलं. अशाच पावसात दरड कोसळून ३० जुलै २०१४ ला माळीण गाव ढिगाऱ्याखाली गेलं, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. तिथली माती उपसून परतलेल्या मित्रांना लोक मृतांचे आकडे विचारतात. झोप लागते का, हे कुणी विचारत नाही. सरी वाढल्या की छातीत धडधडतं, ओल्या मातीच्या वासानं घास उतरत नाही, घरच्यांवर उगाच चिडचिड होते. दुसऱ्याचं मरण इतक्या जवळून पाहिल्यावर हे होणारच! सेवा म्हणजे स्वतःला विसरणं, ही शिकवण मला आता पटत नाही. पाळीपाळीनं काम, सक्तीची सुट्टी, परतल्यावर समुपदेशकाशी बोलणं हे तंबू-ताडपत्रीच्याच यादीत हवं. आणि त्याचा खर्च मागताना कुणी संकोचू नये.