सिपना म्हणजे साग

कृषी खात्याच्या नोकरीत माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या. पण सेमाडोहची एक चूक अजून मनातून जात नाही.

कुटकीच्या लागवडीचे प्रात्यक्षिक होते. मोठ्यांबरोबर पोरेही जमली, म्हणून मी त्यांची लहानशी परीक्षा घेतली. दहा झाडांची पाने दाखवायची, त्यांनी नावे लिहायची. एका कोरकू मुलीने सागाच्या पानापुढे लिहिले, 'सिपना'. मी हसून फुली मारली. सिपना तर तिथली नदी! त्या एका गुणाने तिचे बक्षीस हुकले.

संध्याकाळी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे चहा घेताना ही गंमत सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "साहेब, आमच्या बोलीत सागाला सिपनाच म्हणतात. नदीचं नाव त्यावरूनच पडलं."

मला माझे लहानपण आठवले. चौथीत निबंधात मी 'आमचे वावर' लिहिले, तर गुरुजींनी लाल शाईने खोडून 'शेत' केले होते. घरी आजा-बाप जन्मभर वावरातच राबले. तीच लाल शाई आता माझ्या हाती होती.

मंडळी, अभ्यासक्रम आभाळातून पडत नाही. ज्यांच्या हाती कारभार, त्यांची भाषा नि त्यांचे घरदार त्यात उतरते. आपला वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्रात आला. १९६७ साली पुण्यात बालभारती निघाली. राज्यभर एक पुस्तक झाले, गरिबाच्या पोरालाही ते परवडले, हे चांगलेच झाले. पण एका पुस्तकात सगळी गावे कशी मावणार?

जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे मागणी केली होती की, प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञानही द्यावे. अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे कलम १९५६ साली घटनेत आले. कोरकूच्याच कुळातल्या संथालीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. कोरकू अजून बाहेरच आहे.

पुस्तकी मराठी पोरांना यायलाच हवी. सातबारा आणि कोर्टकचेरी तिच्यातूनच चालते. पण घरचा शब्द चूक ठरवून ती शिकवू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निदान पाऊण सभासद पालक असतात. तिथे जा, बोला. पोराचा पेपर घरी आला की गुणांबरोबर फुल्याही बघा. कुठली फुली कशावर पडली, ते विचारा.

दुसऱ्या दिवशी मी बक्षिसाची वही घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या कागदावरची फुली खोडली. तिने वही घेतली, पण मान वर केली नाही.